जोडून देते, थांबा

आमच्या आत्यानं आयुष्यभर अनोळखी माणसांशी बोलण्याचा पगार घेतला. एका मोठ्या हॉस्पिटलात ती टेलिफोन ऑपरेटर होती. तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोल्यांना लागून, बिनखिडकीची एक खोली. त्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि दिवे लुकलुकणारं ते यंत्र. यंत्राला सगळे बोर्ड म्हणायचे आणि आत्याला बोर्डवाल्या बाई. फोन करणाऱ्याला नेमकं कुणाशी बोलायचं तेच माहीत नसलं, की त्यानं शून्य फिरवायचं. शून्य फिरवलं की आत्या.

तिचा आवाज काय सांगू! माझा स्वतःचा आवाज म्हणजे ट्रकचा हॉर्न, त्यामुळे मला तिचा हेवाच वाटायचा. गोड म्हणावा तर तसाही नव्हता; गोड गोड बोलणाऱ्या बायका मला दोन मिनिटांच्या वर सहन होत नाहीत. तिचा आवाज भरीव होता, आणि त्यात घाई नव्हती. रडत फोन करणारा माणूस तिच्या पहिल्या वाक्याला रडं आवरायचा आणि दुसऱ्याला पेशंटचं नाव सांगायचा. एकदा एक गृहस्थ बायकोला घरी न्यायला आले, तेव्हा बिस्किटांचा डबा घेऊन मुद्दाम बोर्डाची खोली शोधत आले. दारात उभे राहून आत्याकडे बघतच राहिले आणि म्हणाले, "आवाजावरून उंच वाटला होतात." आत्या जेमतेम माझ्या खांद्याला लागते. डबा मात्र ठेवून गेले, आणि तो आम्ही मुलांनी फस्त केला.

बोर्डावरच्या कामाचा एक कायदा होता. लाइन जोडून दिली की आपला कान काढून घ्यायचा. नव्या मुली लागल्या की आत्या त्यांना हे पहिल्याच दिवशी शिकवायची. "जोडून देते, थांबा" एवढं म्हणायचं, पलीकडच्यानं उचललं की आपण बाजूला. कुणाचे वडील वाचले, कुणाला मुलगी झाली, कुणाचा रिपोर्ट वाईट आला, यातलं तिला काही कळायचं नाही. लहानपणी मी तिच्या मागे लागायचे, मग पुढे काय झालं म्हणून. ती म्हणायची, "पुढचं आपलं नसतं गं." मला ते मुळीच पटायचं नाही. मी भांडून गोष्ट पुरी करून घेणाऱ्यांतली.

लग्न तिनं केलं नाही. का नाही, ते आमच्या घरात कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आमच्याकडेच राहिली, माझ्या बाबांची धाकटी बहीण म्हणून, आईची नणंद म्हणून, आणि माझी तर अर्धी आई म्हणून. निवृत्त झाली आणि वर्षभरात तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ गेली, आत्या वाचली, पण आवाज गेला. अगदीच गेला असं नाही. जो उरला तो करपलेलं पातेलं खरवडावं तसा होता. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, थोडा सुधारेल. बाई बोलायला तयार झाली तर ना.

सुरुवातीला तिनं एकदाच प्रयत्न केला. आमचं इंटरनेट बंद पडलं होतं आणि घरी ती एकटी होती, म्हणून तिनं कंपनीत फोन लावला. ज्या बाईनं अख्खं हॉस्पिटल फोनवर तोलून धरलं, तिला पलीकडची मुलगी म्हणाली, "काका, घरात दुसरं कुणी आहे का? त्यांना देता का फोन?" आत्यानं फोन ठेवला. मी घरी आले तेव्हा ती स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होती, आणि झाला प्रकार तिनं मला कागदावर लिहून दाखवला. 'काका' या शब्दाखाली रेघ ओढली होती. त्या दिवसापासून तिच्या तोंडाला कुलूप लागलं. घरात हो, नाही, बस, एवढंच. काही हवं असलं की टेबलावर टकटक करायची. मला त्या टकटकीचा इतका राग यायचा की मी मुद्दाम जायचे नाही. मग ती अजून जोरात टकटक करायची.

मी ड्रायव्हिंग शिकवते. दिवसभर दुसऱ्याच्या चुकीला आपला पाय ब्रेकवर मारायचा, हा माझा धंदा. घरी आल्यावर माझ्यात शांतपणा म्हणून शिल्लक राहत नाही. तर एक दिवस मिक्सर बंद पडला. बाबा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याच्याकडे असे निघाले की मिक्सर पुन्हा उठायचाच नाही. मला पुढचा क्लास होता. मी आत्याच्या फोनवर एक गट शोधून काढला, 'अडलंय का?' नावाचा, आणि फोन तिच्या हातात कोंबला. म्हटलं, "इथं विचार. सगळं लिहूनच असतं, बोलायचं कामच नाही."

संध्याकाळी आले तर मिक्सर चालू होता, आणि आत्या अजून फोनवर होती.

या गटाबद्दल सांगितलं पाहिजे. तिथं कुणी खरं नाव लावत नाही, फोटो टाकत नाही, गाव विचारत नाही. कुणाचं कपडे धुण्याचं मशीन पाणी सोडत नाही, कुणाचा फोन तापतो, कुणाला पासवर्ड आठवत नाही, असल्या अडचणी घेऊन लोक येतात. अडचण सुटली की 'असंच' नावाचा एक कोपरा आहे, तिथं जाऊन बसतात. तिथं मग कुणाची सून बोलत नाही, कुणाला झोप येत नाही, कुणी आज पहिल्यांदा एकट्यापुरता भात लावला आणि तो जास्तच झाला. माणसं म्हणजे एकेक नग. 'गंजका स्क्रू' म्हणून एक होता, त्याला कुठलंही यंत्र खोलता यायचं, पण बोलण्यात साखर कमी. 'फुकटचा सल्ला' म्हणून एक निवृत्त गृहस्थ होते. उंटावरून शेळ्या हाकायचे, पण मनानं चांगले. आत्यानं आपलं नाव लावलं 'शून्य', आणि चार दिवसांत ती सगळ्यांची शून्यताई झाली.

तिथंही तिनं बोर्डच मांडला. तिला फ्रिजमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण फ्रिज कुणाला कळतो ते पाठ. कुणी अडचण लिहिली की ही लिहायची, "गंजक्या स्क्रूंशी जोडून देते, थांबा," आणि त्या माणसाला बोलावून आणायची. 'असंच'मध्ये कुणी लिहिलं की आई गेल्यापासून घरात जेवण जात नाही, की ही म्हणायची, "अमक्यांचंही मागच्या वर्षी असंच झालं होतं. बोलवते त्यांना." दोघं बोलायला लागली की ही गुपचूप निघून जायची, दुसरी लाइन बघायला. लोकांच्या जोड्या जमल्या, मैत्र्या झाल्या. हिची मात्र कुणाशी नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, सगळ्यांना जोडतेस, तू कधी बसतेस त्यांच्यात?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला ड्युटीवर झोपायला सांगत होते.

बाबांना हे सगळं नापसंत. "अनोळखी लोकांशी कसल्या गप्पा? उद्या फसवतील तेव्हा कळेल." आत्यानं फोनवर टपाटप लिहून त्यांच्या नाकासमोर धरलं: 'दादा, मी जन्मभर अनोळखी लोकांशीच बोलले. तेव्हा तू अभिमानानं सांगायचास.' बाबा पेपरात तोंड घालून बसले.

मग आल्या 'दोन चष्मे'. आमच्या घरात त्यांचं नाव चष्मेबाई पडलं. त्यांच्या फोनवरची अक्षरं कशीतरी बारीक झाली होती आणि ती मोठी कशी करायची हे त्या विचारत होत्या. त्या दुपारी गटावर चिटपाखरू नव्हतं. गंजका स्क्रू नाही, फुकटचा सल्ला नाही. आत्या जोडणार कुणाला? तिनं स्वतःच्या फोनवर खटपट करून बघितली, कुठं दाबायचं ते शोधलं, आणि एकेक पायरी लिहून सांगितली. पलीकडून उत्तर आलं: 'दिसलं! देव तुमचं भलं करो. आता सांगा, पांढऱ्या शर्टावरच्या शाईच्या डागाला तुम्ही काय लावता?'

बाईंची म्हणे लाँड्री होती. नवऱ्याच्या मागे एकटीनं चालवली, डोळ्यांना कपड्यावरच्या सुरकुत्या दिसेनात तेव्हा विकली. एक चष्मा जवळचा, एक लांबचा, आणि जो हवा तो नेहमी डोक्यावर; घरभर शोधून झालं की सापडायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं त्या स्वतःच लिहायच्या. मुलगा परदेशी होता, तो दर आठवड्याला फोन करून तब्येत विचारायचा. 'तब्येत सोडून काही विचारतच नाही,' त्या लिहायच्या, 'मी काय इस्पितळ आहे?'

त्या दुपारपासून आत्या पहिल्यांदा एका लाइनवर टिकून राहिली. रोज दुपारी जेवणं झाली की टेबलाच्या कोपऱ्यावर बसायची आणि त्यांचं सुरू व्हायचं. काय बोलायच्या? काहीही. चार कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेल्या चादरीची घडी घालायची तरी कशी, यावर एक पूर्ण आठवडा गेला. चष्मेबाईंनी घडीची रीत लिहून पाठवली आणि आत्यानं मला टकटक करून बोलावलं. एक टोक माझ्या हातात, एक तिच्या. कोपरा कोपऱ्यात घाला, मग उलटा, मग दुमडा. शेवटी ती चादर नव्हती, गाठोडं होतं. आत्या हसली. तिच्या हसण्याला आवाज नव्हता, फक्त खांदे हलत होते, पण हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला असं हसताना मी ऑपरेशननंतर पहिल्यांदा बघितलं, आणि त्या न बघितलेल्या बाईंवर माझा जीवच जडला.

यंत्रांबद्दल चष्मेबाईंची मतं वेगळीच. एकदा त्यांनी लिहिलं, 'बँकेचं पान उघडलं तर मला विचारतंय, तुम्ही यंत्रमानव नाही ना? मग ज्या चौकोनात बस आहे तो दाबा. मला बस रस्त्यावर दिसत नाही, चित्रात काय दिसणार? बहुतेक मी यंत्रमानवच असेन.' आत्यानं ते मला दाखवलं. मी हसले. आत्या हसली नाही. तिच्या कानाला लोकांच्या बोलण्यातलं लगेच कळायचं, आता ते डोळ्यांना कळत होतं. चष्मेबाई दर काही दिवसांनी अक्षरं अजून मोठी कशी करायची विचारत होत्या. त्यांचे निरोप आखूड होत चालले होते.

मग एका दुपारी त्यांनी सरळच लिहिलं. डोळ्यांच्या आतला पडदा खराब होत होता. मधलं दिसेनासं झालं होतं, कडेचं दिसायचं. 'समोरचा माणूस दिसत नाही, त्याच्या शेजारचा दिसतो. लग्नाच्या वेळी असं असतं तर बरं झालं असतं.' डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे गेलं ते परत येणार नाही. आता अक्षरं आणखी मोठी होत नव्हती. 'म्हणजे ताई, आपलं लिहिणं आता थोड्याच दिवसांचं.'

आत्या फोन उपडा ठेवून बसून राहिली. आईनं चहा आणून ठेवला, तो गार झाला.

मी म्हटलं, त्यात काय, फोन वाचून दाखवतो की! मी आत्याला ते कुठं असतं ते दाखवलं, आत्यानं चष्मेबाईंना आखूड आखूड वाक्यांत कळवलं, आणि शेजारच्या एका मुलीच्या मदतीनं त्यांनी ते चालू केलं. आता आत्यानं लिहायचं, पलीकडे फोननं ते मोठ्यानं वाचायचं. चष्मेबाईंनी बोलायचं आणि फोननं ते लिहून इकडे पाठवायचं. मी स्वतःवर खूश झाले. आमच्या घरात अशी अक्कल आणखी कुणाला आहे, असं आईला दोनदा म्हणून दाखवलं.

ती अक्कल महिनाभर टिकली. मग चष्मेबाईंचा निरोप आला. 'ताई, राग मानू नका. या फोनमध्ये एक बाई आहे. ती तुमचं वाचते तसंच विजेचं बिल वाचते, तशीच गुडघेदुखीच्या औषधाची जाहिरात वाचते. तुम्ही कोणत्या आणि जाहिरात कोणती, मला कळत नाही. तुम्ही हसलात की ती म्हणते, हसरा चेहरा. मला त्या बाईचा वीट आला आहे. तुम्ही मला फोन करा ना. बोर्डावर होतात, म्हणजे तुमचा आवाज किती छान असेल. तेवढा ऐकवा.' आणि खाली त्यांचा नंबर.

आत्यानं तो निरोप वाचला आणि मला दाखवला नाही. ती मला सगळं दाखवायची, हे नाही दाखवलं. हे मला मागून कळलं, कारण चार-पाच दिवस ती दुपारी टेबलापाशी बसेना. कपाट आवरायला घेतलं. आवरलेलं कपाट परत आवरलं. मी विचारलं, "चष्मेबाई कशा आहेत?" तर मान हलवली, ठीक आहेत अशी. मला खोटं लगेच कळतं. माझ्याकडे शिकायला येणारा प्रत्येक जण म्हणतो की मी आरशात बघितलं.

"फोन दे," मी म्हटलं. तिनं दिला.

आत्यानं काय केलं होतं? तिनं 'फुकटचा सल्ला' यांना लिहिलं होतं की एक चांगल्या बाई आहेत, त्यांना दिसत नाही, त्यांना बोलायला माणूस हवं आहे, तुम्ही रोज दुपारी त्यांना फोन करा, तुमचा आवाज चांगला आहे असं ऐकलंय. ते बिचारे आनंदानं तयार झाले. आणि चष्मेबाईंना तिनं लिहिलं होतं: 'मी सध्या कामात आहे. तुम्हाला एका चांगल्या गृहस्थांशी जोडून देते, थांबा.' बस. त्यानंतर ती त्या बाजूला फिरकलीच नव्हती. लाइन जोडून दिली होती, आणि कान काढून घेतला होता.

माझं डोकं फिरलं. "अगं, हे हॉस्पिटल आहे का? त्या बाईंनी तुला बोलावलं होतं, तुला! त्यांनी काय तक्रार नोंदवली होती, दुसऱ्या खात्याकडे पाठवायला?"

आत्यानं गळ्याकडे बोट दाखवलं.

"मग काय झालं? माझा आवाज काय कोकिळेचा आहे? लोक पैसे देऊन ऐकतात."

तिनं लिहिलं: 'त्यांना छान आवाज हवाय. तो माझ्याकडे नाही. त्या पण काका म्हणतील. दुसऱ्या कुणी म्हटलं तर चालेल, त्यांनी म्हटलेलं मला चालणार नाही.'

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिची गोष्ट मला खरंच कळली, आणि कळली म्हणून आणखी राग आला. जगात एक माणूस तिला आपलं म्हणण्याजोगं मिळालं होतं, ते ती व्यवस्थित, पद्धतशीर, दुसऱ्याच्या हवाली करून मोकळी झाली होती.

दोन दिवस असेच गेले. मग एका दुपारी, मी क्लासमधल्या सुट्टीत जेवायला घरी आले असताना, आत्याच्या फोनवर चष्मेबाईंचा निरोप आला. लिहिलेला नव्हता. त्यांनी आवाज भरून पाठवला होता. त्या गटात कुणी तसं करत नसे. आत्या त्याला हात लावेना, म्हणून मीच तो चालू केला आणि फोन टेबलावर मधोमध ठेवला.

आवाज चांगला दणदणीत निघाला. मशीनच्या घरघरीत उभं राहून जन्म काढलेल्या बाईचा आवाज.

"शून्यताई, मी बोलतेय. ते गृहस्थ भले आहेत. रोज फोन करतात. काल मला त्यांनी सकाळी उठून कोमट पाणी कसं प्यायचं ते अर्धा तास समजावलं. अहो, भीक नको पण कुत्रं आवर! पण ते जाऊ दे. मला एवढंच विचारायचंय, माझं काही चुकलं का? मी फोन करा म्हटलं, ते तुम्हाला आवडलं नाही का? लिहूनच बोलायचं असेल तर लिहा, मी त्या मशीनबाईच्या तोंडून ऐकेन, वीट आला तरी ऐकेन. मला कंटाळला असाल तर तेही सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे, घेईन. पण सांगा. तुम्ही न सांगता गेलात, आणि मला इकडे तिकडे बघून शोधताही येत नाही हो आता."

तिथं तो संपला. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, तिनं पदर डोळ्यांना लावला. माझाही घास हातातच राहिला होता. आत्याचं तोंड पांढरं पडलं होतं. ती सारखी मान हलवत होती, नाही, नाही, अशी, जणू चष्मेबाई समोर बसल्यात आणि ती त्यांना सांगतेय की तुमचं काही चुकलं नाही.

मी म्हटलं, "मी फोन लावते. मी सांगते त्यांना सगळं. तुझ्या गळ्याचं सांगते, मग तू बोल. त्यांना आधी कल्पना असलेली बरी." यात माझं काही चूक होतं असं मला अजूनही वाटत नाही. पण आत्यानं फोन माझ्या हातून ओढून घेतला आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. चष्मा पुसला. पाठ ताठ केली. पाण्याचा एक घोट घेतला, गिळताना नेहमीसारखा त्रास झाला. मग तिनं नंबर लावला, फोन टेबलावर ठेवला आणि त्याचा आवाज बाहेर येईल असं बटण दाबलं.

पलीकडे लगेच उचलला. "हॅलो? कोण?"

आत्यानं तोंड उघडलं. आधी नुसती हवाच आली. मग तो खरवडलेला आवाज. "मी..."

"कोण? हॅलो? मोठ्यानं बोला."

"मी बोलतेय..."

"काही ऐकू येत नाही बघा, नुसती खरखर येतेय. लाइन खराब आहे वाटतं. ठेवा आणि परत लावा."

मला ते असह्य झालं. मी फोनकडे हात केला. आत्यानं माझ्या हातावर फटका मारला, चांगला सणसणीत, लहानपणी मारायची तसा. लाइन खराब आहे असं पलीकडच्यानं स्वतःच म्हटलं, की ऑपरेटरला काही सांगावं लागत नाही. ठेवून द्यायचा. कुणी दोष देत नाही. सुटायला याच्याहून सोपी वाट तिला कुठली मिळणार होती?

आत्या फोनवर वाकली. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या.

"लाइन चांगली आहे," ती म्हणाली. एकेक शब्द सुटा, ओरखडा काढत आलेला. "आवाजच माझा असा आहे. ऑपरेशन झालंय. तुमचं काही चुकलं नाही. मी शून्य. मी बोलतेय."

आत्या फोनकडे बघत होती. आईनं माझा दंड धरला होता आणि नखं रुतत होती, पण मी हलले नाही.

"अगं बाई," चष्मेबाई म्हणाल्या. त्यांचा दणदणीत आवाज एकदम खाली आला होता. "हा तुमचा आवाज होय? मग इतके दिवस मला त्या मेल्या मशीनबाईचा का ऐकवलात?"

आत्याचे खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. पलीकडे दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं, तरी त्या थांबल्या होत्या.

"बोला," त्या म्हणाल्या. "सावकाश बोला. दुखलं तर थांबा. मी आहे."

आत्यानं डोळे पुसले, खुर्ची फोनजवळ ओढून घेतली आणि बोलायला लागली. कुणाबद्दल, काय, ते मी सांगणार नाही. मी आणि आई स्वयंपाकघरात गेलो आणि दार लोटून घेतलं. आत जाऊन काम काही केलं नाही. आईनं धो-धो वाहणारा नळ बंद केला, मी पंखा बंद केला, आणि दोघी तिथंच उभ्या राहून, शब्द कळत नव्हते तरी, आत्याचा आवाज ऐकत राहिलो.